प्रार्थनाकीटकाचा स्वभाव आणि त्याच्यावरचा ताण

प्रार्थनाकीटक पाळणारे त्याच्याविषयी बोलताना ‘शांत’, ‘तापट’, ‘भित्रा’, ‘माणसाळलेला’ असे शब्द सहज वापरतात. हे शब्द निराधार नाहीत. मात्र त्यांच्याआड अनेक वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. हातावर निवांत बसलेला कीटक जातीनेच संथ असेल, त्याचे पोट भरलेले असेल, तो कात टाकण्याच्या बेतात असेल, गारठलेला असेल किंवा आजारी असेल. बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळे ‘शांत’च दिसते. स्वभाव ओळखायचा म्हणजे या कारणांची गुंतवळ सोडवायची. ती सुटली की ताण कशाचा आहे आणि तो कसा कमी करायचा, याचे उत्तर बहुतेक वेळा आपोआप हाती येते.

मराठीत याला खंडोबाचा किडा असेही म्हणतात. पुष्कळदा त्याला नाकतोडाच समजले जाते, पण नाकतोड्याशी त्याचे नाते दूरचे आहे. त्याचे खरे सगेसोयरे म्हणजे झुरळे आणि वाळवी. जगात प्रार्थनाकीटकांच्या सुमारे २,४०० जाती ज्ञात आहेत आणि त्यांतल्या दीडशेहून अधिक भारतात आढळतात. सगळ्या जाती शिकारी आहेत आणि बहुतेक एकेकट्या राहतात. पाळीव प्राणी म्हणून त्याचा विचार करताना ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी. कुत्र्याला किंवा पोपटाला सोबत लागते. या कीटकाला सोबतीची गरज नसते, आणि स्वजातीयाची सोबत तर बहुधा जिवावर बेतते.

त्याच्याविषयी जिव्हाळा वाटतो तो मुख्यतः त्याच्या मान वळवण्यामुळे. बहुतेक किड्यांना इतकी न जमणारी गोष्ट तो करतो. आपण खोलीत इकडून तिकडे गेलो की त्याचे त्रिकोणी डोके आपल्यामागे वळते, आणि डोळ्यातला काळा ठिपकाही आपल्यावरच रोखलेला दिसतो. यातले निम्मेच खरे आहे. तो ठिपका म्हणजे बाहुली नव्हे. संयुक्त डोळ्याच्या हजारो नेत्रिकांपैकी ज्या नेमक्या आपल्या दिशेला असतात त्या प्रकाश शोषून घेतात आणि तेवढा भाग काळा दिसतो. त्यामुळे कुठूनही पाहिले तरी ठिपका पाहणाऱ्याकडेच असतो. डोके वळणे मात्र खरेखुरे आहे. कीटक हलत्या वस्तूचा माग घेत असतो.

त्याच्या नजरेचा अभ्यास बराच खोलवर झाला आहे. सॅम्युएल रॉसेल यांनी १९८३ मध्ये डोळ्यांपुढे लोलक बसवून दाखवून दिले की प्रार्थनाकीटक दोन्ही डोळ्यांतल्या प्रतिमांची तुलना करून अंतर ठरवतो. पुढे इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठात जेनी रीड, विवेक नित्यानंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणाने चिकटवलेले चिमुकले रंगीत चष्मे या कीटकांना घातले आणि त्यांच्यापुढे पडद्यावरचे खोटे भक्ष्य हलवले. या प्रयोगमालेतून २०१८ मध्ये निष्कर्ष निघाला की माणसाप्रमाणे स्थिर चित्रातले तपशील तो जुळवत बसत नाही. चित्रात जिथे बदल घडतो तिथलेच अंतर तो मोजतो. पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. स्थिर हात त्याच्यासाठी फांदीसारखा असतो, तर हलणारा हात, आकार आणि वेगाप्रमाणे, भक्ष्य किंवा शत्रू ठरतो. हात एकच असतो, पण तो कसा पुढे आला यावर कीटकाची वागणूक ठरते.

कानाची गोष्ट आणखी वेगळी आहे. डेव्हिड येगर आणि रोनाल्ड हॉय यांनी १९८६ मध्ये दाखवले की या कीटकाला कान आहे आणि तो एकच आहे, मागच्या पायांच्या मधोमध, छातीच्या खालच्या बाजूला. हा कान वटवाघळांच्या श्राव्यातीत आवाजांसाठी घडलेला आहे. रात्री उडताना असा आवाज आला की कीटक हवेतच गिरकी घेऊन खाली कोसळतो आणि वाचतो. माणसाचे बोलणे किंवा दूरदर्शन संचाचा आवाज या कानाच्या पट्ट्यात जवळपास येत नाही, त्यामुळे लाडाने मारलेल्या हाका त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. दार आपटले, टेबलावर भांडे ठेवले, खोक्यावर टिचकी मारली की होणारी थरथर मात्र त्याला पायांतून जाणवते. पोटाच्या टोकाशी असलेल्या दोन छोट्या शेपट्यांवरच्या केसांना हवेची झुळूक कळते. म्हणून तोंड जवळ नेऊन निरखताना आपला उच्छ्वासही त्याला पुढे धावायला लावतो. उंदीर पळवण्यासाठी भिंतीत खोचायची श्राव्यातीत ध्वनीची यंत्रे त्याच्या कानाच्या आसपासच्या पट्ट्यात काम करतात, ती त्याच्या खोलीत असू नयेत.

अशा ज्ञानेंद्रियांच्या जोरावर तो धोक्याला तोंड देतो ते पायरीपायरीने. पहिली पायरी निश्चल होण्याची. बऱ्याच जाती पुढचे पाय सरळ ताणून अंग फांदीला चिकटवतात आणि काटकीत मिसळून जातात. दुसरी डोलण्याची. वाऱ्यावर पान हलावे तसे अंग डावीकडे-उजवीकडे झुलते, आणि पाहणाऱ्याला वाटते की कीटक आपल्याला बघून खूश झाला. पिले उडी मारण्याआधीही डोलतात, पण ते डोके नेमके बाजूला सरकवून अंतर मापण्यासाठी असते. दोन्ही डोलण्यांत फरक करायला थोडी नजर बसावी लागते. तिसरी पायरी पळण्याची किंवा उडण्याची. आणि हे काहीच साधले नाही तर भीतिप्रदर्शन: धड उभे राहते, पुढचे पाय बाजूला फाकतात, पंख पंख्यासारखे उघडतात, पोट वर वळते. काही जाती पंखांवर पोट घासून फुसफुस आवाज काढतात. दक्षिण आणि मध्य युरोपात आढळणाऱ्या मँटिस रिलिजिओसा या जातीच्या पुढच्या पायांच्या आतल्या बाजूला काळे, मध्ये पांढरट असे डोळ्यासारखे ठिपके असतात. एरवी ते झाकलेले असतात, या पवित्र्यात समोर येतात. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ‘झुआंगझी’ या चिनी ग्रंथात रथाच्या वाटेत पुढचे पाय उगारून उभ्या राहिलेल्या प्रार्थनाकीटकाची गोष्ट आहे. ती सांगणाऱ्याने हा पवित्रा प्रत्यक्ष पाहिलेला असणार.

भीतिप्रदर्शन म्हणजे राग नव्हे. पळायला जागा नाही आणि समोरचा फार मोठा आहे, असे झाल्यावरचा हा शेवटचा उपाय आहे. पंख उघडलेल्या कीटकाचे छायाचित्र देखणे येते, म्हणून त्याला मुद्दाम डिवचणे हा प्रकार पाळणाऱ्यांत दिसतो. तो थांबायला हवा. त्या क्षणी कीटकाच्या लेखी तो मरणाच्या दारात असतो.

कोणती पायरी किती लवकर येते हे जातीवर फार अवलंबून आहे, आणि ‘स्वभाव’ या शब्दाचा सर्वांत मोठा वाटा इथेच खर्ची पडतो. आफ्रिकेतली, वाळल्या पानासारखी दिसणारी फायलोक्रेनिया पॅराडॉक्सा अतिशय संथ असते. खाणे मुबलक असेल तर अनेक कीटक एकत्र ठेवूनही भांडणे कमी होतात, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली गॉंगिलस गॉंगिलोडीस, म्हणजे व्हायोलिनच्या आकाराची सडपातळ जातही, स्वजातीयांबाबत सहनशील असते. पण तिला कडक ऊब आणि उडणारे भक्ष्य लागते, ते नसेल तर ती खाणे सोडते. आपल्याकडे झुडपांवर आणि पावसाळ्यानंतर दिव्याखाली दिसणाऱ्या हायरोड्युला वंशातल्या हिरव्यागार माद्या धीट आणि खादाड असतात. त्या हातावर बिनदिक्कत चढतात आणि तितक्याच बिनदिक्कतपणे बोटावर झडप घालतात. झाडाच्या सालीवर राहणाऱ्या हंबर्टिएलाची तऱ्हा निराळी. तिचा बचाव वेगावर आहे. हात जवळ येताच ती खोडाच्या पलीकडच्या बाजूला पसार होते. तिला हातावर घेण्याचा प्रयत्न म्हणजे केवळ पळापळ. पूर्व आफ्रिकेतली इडोलोमँटिस डायबोलिका भीतिप्रदर्शनासाठीच प्रसिद्ध आहे. वेगवान जातीला ‘भित्री’ आणि संथ जातीला ‘प्रेमळ’ म्हणणे म्हणजे ससाण्याला उतावीळ आणि घुबडाला विचारी म्हणण्यासारखे आहे.

एकाच जातीत लिंग, वय, भूक आणि तापमान यांमुळे चित्र पालटते. नर हलके, लांब पंखांचे, सतत सावध असतात. मादीच्या शोधात उडणे हेच त्यांचे प्रौढपणीचे काम असते. अंड्यांनी जड झालेल्या मादीला उडता येत नाही, म्हणून ती पळण्याऐवजी उभी ठाकते. पिले चपळ असतात आणि उडी मारायला मागेपुढे पाहत नाहीत. भुकेल्या कीटकाला हलणारी प्रत्येक गोष्ट भक्ष्य वाटते, तर पोट टम्म भरलेला समोरच्या माशीकडे बघतही नाही. कीटकाचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करत नाही. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी, गार खोलीत, तोच कीटक ‘माणसाळल्यासारखा’ मंद असतो आणि दुपारी उन्हाच्या कवडशात तो पुन्हा तरतरीत होतो.

हे सगळे वजा केल्यावर प्रत्येक कीटकाचे स्वतःचे असे काही उरते का? झुरळांमध्ये आणि रातकिड्यांमध्ये धीटपणाचे व्यक्तिगत फरक पुन्हा पुन्हा मोजता येतात, असे संशोधनातून दिसले आहे. एकाच अंडकोशातून निघालेल्या, एकाच खोलीत वाढवलेल्या प्रार्थनाकीटकांतही काही झाकण उघडताच पाठ फिरवतात आणि काही पुढे येतात, हे पाळणाऱ्यांना दिसतेच. शिकण्याच्या क्षमतेबाबत मात्र अधिक ठोस पुरावा आहे. अर्जेंटिनाचे हेक्टर माल्दोनादो आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास स्टॅगमॅटोप्टेरा बायोसेलाटा या जातीवर प्रयोग केले. पक्षी पुन्हा पुन्हा समोर येऊनही इजा होत नाही असे दिसल्यावर या कीटकांचे भीतिप्रदर्शन कमी होत गेले. पाळीव कीटक हाताला ‘सरावतो’ तो याच अर्थाने. एक विशिष्ट धोका पोकळ आहे, एवढे त्याची मज्जासंस्था नोंदवते. तिथे माया किंवा मालकाची ओळख शोधू नये. पण हा सराव खरा आहे आणि त्यामुळे त्याचा ताण कमी होतो, हे कमी मोलाचे नाही.

ताण म्हणजे शरीरात नेमके काय घडते, याचे उत्तर कीटकांबाबत बरेच स्पष्ट आहे. सस्तन प्राण्यांत नॉरॲड्रिनलीन जे काम करते, ते कीटकांत ऑक्टोपामीन करते. धोका जाणवताच ते रक्तद्रवात वाढते, स्नायूंना इंधन पुरवले जाते, हालचाली सज्ज होतात. काही मिनिटांपुरते हे उपकारकच असते. पण तेच दिवसदिवस चालू राहिले तर साठवलेली चरबी खर्च होते आणि वाढीला, कात टाकायला, अंड्यांना पुरत नाही. न्यूकॅसलमध्येच २०११ साली मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी मधमाश्यांना जोराने हलवले, तेव्हा संदिग्ध वासाकडे त्या अधिक निराशेने पाहू लागल्या, म्हणजे तो वास वाईट असेल असे गृहीत धरून वागू लागल्या. हा प्रयोग प्रार्थनाकीटकावरचा नाही, पण डबीत घालून दुचाकीवरून धक्के खात आणलेल्या कीटकाबद्दल विचार करायला तो पुरेसा आहे.

वेदनेच्या प्रश्नात तर प्रार्थनाकीटकाला साक्षीदार म्हणून उभे केले गेले आहे. १९८४ च्या एका गाजलेल्या लेखात आइझमन आणि सहलेखकांनी कीटकांना वेदना होत नसाव्यात असे मांडताना, मादी खात असतानाही मीलन चालू ठेवणाऱ्या नराचे उदाहरण दिले. हे उदाहरण दिसते तितके बळकट नाही. केनेथ रोडर यांनी १९३५ मध्येच दाखवले होते की डोक्यातल्या मज्जाकेंद्रांचा लगाम सुटला की पोटातली केंद्रे मीलनाच्या हालचाली स्वतंत्रपणे चालू ठेवतात. डोके गमावलेल्या शरीराच्या हालचालींवरून, डोके असलेल्या कीटकाला काय जाणवते हे ठरवता येत नाही. उलट २०२२ मध्ये माटिल्डा गिबन्स, लार्स चिटका प्रभृतींनी घेतलेल्या आढाव्यात माश्या-डास आणि झुरळे-वाळवी या दोन गटांत वेदनेचे पुरावे सर्वांत भक्कम ठरले, आणि यांतला दुसरा गट प्रार्थनाकीटकाचा निकटचा नातलग आहे. प्रश्न सुटलेला नाही. तरीही काळजीपूर्वक वागण्यासाठी तो सुटण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

ताणाची चिन्हे रोजच्या निरीक्षणातून कळतात. बहुतेक वेळ एका जागी टांगून राहणारा कीटक सारखा फेऱ्या मारू लागला, काच खरवडू लागला, पकडलेले भक्ष्य टाकून देऊ लागला, झाकण उघडताच दर वेळी पंख उघडू लागला, तर काहीतरी बिनसले आहे. डोळ्यावर समोरच्या बाजूला उमटलेला, हलता न राहणारा काळा डाग ही खास खूण. पारदर्शक भिंतीवर डोळे घासून तो पडतो. पाहणाऱ्याच्या मागे फिरणारा ठिपका वेगळा आणि हा डाग वेगळा. असा डाग दिसला की काचेऐवजी जाळीचा पिंजरा किंवा भिंतींना आतून पाने-काटक्या लावणे हा उपाय करतात.

काही चिन्हे मात्र फसवी असतात. कात टाकण्यापूर्वी कीटक काही दिवस खात नाही, छताला टांगून राहतो, सुस्त दिसतो. शेवटच्या कातीआधी पाठीवरचे पंखांचे कोंभ फुगतात. हा उपास आजार समजून त्याला खाऊ घालण्याची धडपड करणे हीच त्या वेळची मोठी चूक असते. याच्या उलट, पाय थरथरणे, तोल जाणे, उताणे पडणे ही पुष्कळदा कीटकनाशकाची लक्षणे असतात. आपल्या घरांत डासांसाठी लावलेले लिक्विडचे यंत्र, अगरबत्ती, झुरळांचा खडू, कुंड्यांवरचा फवारा यांत पायरेथ्रॉइड गटाची द्रव्ये असतात आणि ती प्रार्थनाकीटकालाही डासाइतकीच लागू पडतात. ज्या खोलीत रात्रभर असे यंत्र चालते तिथे हा कीटक ठेवता येत नाही. बाहेरून पकडून आणलेल्या कीटकाच्या पोटात केसासारखा लांब कॉर्डोडीस जंत असू शकतो. २०२१ च्या जपानी संशोधनात दिसले की असे बाधित कीटक पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या आडव्या ध्रुवित प्रकाशाकडे ओढले जातात आणि पाण्यात शिरतात. तिथे जंत बाहेर पडतो. अशा कीटकाची अस्वस्थता हा त्याचा स्वभाव नसतो.

ताण कमी करण्याचे बहुतेक काम पिंजऱ्याच्या मापातच होऊन जाते. उंची कीटकाच्या लांबीच्या किमान तिप्पट, रुंदी दुप्पट, आणि वर पकड मिळेल असे जाळीचे छत. गुळगुळीत प्लॅस्टिकवर कात टाकता येत नाही. फार मोठा पिंजरा मात्र पिलांना सोयीचा नसतो, कारण त्यांना भक्ष्य सापडत नाही. बहुतेक जातींना २४ ते २८ अंश सेल्सियस तापमान मानवते. महाराष्ट्रात वर्षाचा बराच काळ वेगळी ऊब द्यावी लागत नाही, उलट उन्हाळ्यात काचेची पेटी उन्हात राहणार नाही एवढे पाहावे लागते. पाणी तो भांड्यातून पीत नाही, थेंबातून पितो. म्हणून भिंतींवर आणि पानांवर बारीक फवारा मारतात, थेट अंगावर नाही. न खाल्लेला रातकिडा पिंजऱ्यात ठेवू नये. कात टाकणाऱ्या असहाय कीटकाला तो कुरतडतो.

कात टाकणे हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत नाजूक काळ. मागच्या पायांनी छताला उलटा टांगलेला कीटक आधी हलके हिसके देतो. मग डोक्यामागे छातीवर कातडे उकलते आणि फिकट, ओलसर, मऊ शरीर डोक्याकडून खाली सरकू लागते. लांबलचक पाय जुन्या पायांच्या सालीतून मोज्यातून काढावेत तसे एकेक बाहेर येतात. शेवटी तो क्षणभर फक्त पोटाच्या टोकाने लोंबकळतो, मग वर वळून जुनी कात पकडतो आणि अंग ताठ होईपर्यंत तसाच लटकतो. याच वेळी कुणी पिंजरा हलवला आणि तो खाली पडला, तर पाय वाकडे वाळतात, पंख चुरगळतात, कधी जीव जातो. त्यामुळे उपास सुरू झाल्यापासून कातीनंतर निदान एक दिवस उलटेपर्यंत पिंजरा जागेवरून हलवत नाहीत. पिलाचा तुटलेला मधला किंवा मागचा पाय पुढच्या कातींमध्ये हळूहळू पुन्हा वाढतो. प्रौढाला ती सोय नाही.

हाताळणीची रीत त्याच्या नजरेवरून ठरते. वरून चिमटीत धरणे म्हणजे पक्ष्याची चोच. त्याऐवजी हात त्याच्या समोर, किंचित उंचावर, स्थिर धरतात, कारण चढण दिसली की तो चढतो. दुसऱ्या हाताच्या बोटाने किंवा मऊ कुंचल्याने पोटाला मागून हलकेच स्पर्श केला की तो पाऊल टाकतो. पुढच्या पायांनी आधी बोट चाचपतो, मिशा फिरवतो, मग एकदम चारही पायांनी येतो. त्याआधी छताचा पंखा बंद, खिडकी बंद, आणि हात पलंगाच्या किंवा गादीच्या वर फार उंच नाही. अंड्यांनी भरलेल्या मादीचे पोट उंचावरून पडल्यास फुटते. त्याने बोट पकडलेच तर हिसडू नये. पुढच्या पायांवरच्या काट्यांत विष नसते. हात निश्चल ठेवला की तो स्वतःहून सोडतो, हिसडल्यास त्याचा पाय दुखावतो. पाच-दहा मिनिटे, पोट भरलेले असताना, दोन-तीन दिवसांतून एकदा, एवढ्याने सराव होतो. तो डोलू लागला किंवा अंग चपटे करू लागला, तर त्या दिवसापुरते थांबायचे.

मीलनाच्या वेळी ताण दोघांवर असतो, पण धोका मुख्यतः नराला. मादी नराला खातेच, ही समजूत पिंजऱ्यातल्या उपाशी माद्यांमुळे पक्की झाली. लिस्के आणि डेव्हिस यांनी १९८७ मध्ये चिनी टेनोडेरा जातीच्या पोटभर खाल्लेल्या माद्या, फारसा व्यत्यय न आणता, कॅमेऱ्याने टिपल्या, तेव्हा प्रणयाराधनाचे रीतसर हावभाव दिसले आणि नर खाल्ले गेले नाहीत. म्हणून मादीला आधी काही दिवस भरपूर खाऊ घालतात, ती भक्ष्य चावत असतानाच नराला मागून सोडतात, आणि जागा अशी निवडतात की त्याला उडून जाता येईल.

प्रौढ झाल्यावर बहुतेक जातींच्या माद्या काही महिने जगतात, नर त्याहून कमी. शेवटच्या आठवड्यांत पावलांची टोके झिजून तुटतात, डोळे काळवंडतात, झडप चुकते, छताची पकड सुटते. हे म्हातारपण आहे, पाळण्यातली चूक नव्हे. अशा मादीला हातावर घेणे थांबवून पिंजऱ्याच्या तळाशी टिपकागद किंवा शेवाळ अंथरतात आणि खरखरीत फांदी जमिनीलगत आडवी ठेवतात, म्हणजे घसरली तरी ती उंचावरून पडत नाही. चिमट्याने तोंडाशी धरलेला, किंचित चेचलेला किडा ती या वयातही दोन्ही पायांनी धरून खाते, आणि खाऊन झाल्यावर नेहमीसारखे पाय एकेक करून स्वच्छ करते.